सीटखालचा कोळी

मामांनी परवा घरच्या ग्रुपवर टाकलं: "सावधान! टॉयलेट सीटखाली दोन पट्ट्यांचा विषारी कोळी लपतो. फ्लोरिडात तीन बायका दगावल्या. आधी ताप, उलट्या, मग लकवा आणि मृत्यू. बसण्याआधी सीट उचलून बघा." सोबत पिवळ्या कोळ्याचा फोटो.

हा मजकूर व्हॉट्सॲपपेक्षा वयाने मोठा आहे. 1999 मध्ये तो ईमेलवर फिरत होता. तेव्हा बायका शिकागोच्या 'ब्लेअर' विमानतळावर मरत होत्या. शिकागोत असा विमानतळच नाही. कोळ्याचं शास्त्रीय नाव दिलं होतं 'अरॅक्नियस ग्लुटियस'. ग्लुटियस म्हणजे ढुंगणाचा स्नायू! एवढी उघड थट्टा, तरी लोक पुढे पाठवतच राहिले. 2002 मध्ये गोष्ट फ्लोरिडात गेली आणि तिच्यात एक खराखुरा कोळी घुसवला गेला: टेलामोनिया डिमिडियाटा.

तो बिचारा आपल्याकडचाच, भारतापासून इंडोनेशियापर्यंत सापडणारा. मादी जेमतेम सेंटिमीटरभर, पिवळसर, पोटावर दोन तांबड्या रेघा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला हा. शिकारीसाठी जाळं लावून बसत नाही. दिवसाउजेडी पानांवर हिंडतो, डोळ्यांनी किडा हेरतो आणि झेप घेतो. सीटखालच्या अंधारात त्याचं पोट कसं भरणार? विष आहे का? आहे. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं. पण ह्याचं विष किड्याच्या मापाचं, माणसाच्या नाही.

फॉरवर्डमधला एक धागा मात्र खरा आहे, फक्त देश वेगळा. ऑस्ट्रेलियात संडास परसात असायचे तेव्हा रेडबॅक कोळ्याची मादी सीटखाली जाळं विणायची, कारण माश्या तिथे आयत्या मिळत. पुरुषांना नको त्या जागी चावे बसत. कळा आणि घाम भयंकर, पण मृत्यू तेव्हाही क्वचितच. 1956 मध्ये त्यावर प्रतिविष आलं. सिडनीचा फनेल-वेब कोळी याहून जहाल. त्यावरचं प्रतिविष 1981 मध्ये आलं आणि तेव्हापासून त्याच्या चाव्याने कुणी गेल्याची नोंद नाही.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेल्याचा अंदाज आहे, तेही सांगितलं. "असेल रे, पण सीट उचलून बघायला काय जातंय?" म्हणाले. तेवढ्यात शेतावरची लाइट आली, फोन ठेवला आणि मोटर चालू करायला अंधारात निघाले. अनवाणी.