विद्यापीठातून नक्की काय बाहेर काढलं?

‘विद्यापीठं धर्माशी लढून जन्माला आली, धर्माने विद्येला कायम अडवलं, आणि धर्माला हाकलल्यावरच खरं उच्चशिक्षण सुरू झालं’ असा मजकूर बरेच जण पुढे पाठवत असतात. मी स्वतः देवळात जाणाऱ्यांतला नाही. पण इतिहास असा सरळसोट नाही.

आधी जन्माचं बघू. इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ कायद्याच्या अभ्यासातून वाढलं, हे खरं. पण नालंदा हा बौद्ध महाविहार होता आणि तिथे तर्क, व्याकरण, वैद्यकही शिकवत. पॅरिसचं विद्यापीठ नोत्र दाम या मोठ्या चर्चच्या शाळेभोवती उभं राहिलं. तिथे १२२९ मध्ये शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारलं, तेव्हा अध्यापकांनी शिकवणं बंद केलं. १२३१ मध्ये शिकवणं बंद करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला तो पोप नववे ग्रेगरी यांनी. प्राध्यापकांच्या संपाला पोपचा आशीर्वाद!

‘अडवलं’ हे मात्र खोटं नाही. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्रातली २१९ विधानं शिकवण्यावर बंदी घातली. माझी हरकत ‘कायम’ या शब्दाला आहे. अरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर व्याख्यानं द्यायला त्याच शहरात १२१० मध्ये मनाई होती. १२५५ मध्ये तेच ग्रंथ अभ्यासक्रमात लागले. रस्सीखेच होती, आणि दोन्ही टोकांना बहुतेक चर्चचीच माणसं होती.

खरी गफलत ‘हाकललं’ या शब्दात आहे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८६० मध्ये जेम्स स्टर्लिंग पहिला आला, तरी त्याला फेलोशिप, म्हणजे कॉलेजातली अध्यापक-सदस्याची जागा, मिळाली नाही. का? तो अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, नव्हता आणि धर्मनिष्ठेची अट पाळायला तयार नव्हता. ऑक्सफर्डमध्ये तर १८५४ पर्यंत प्रवेशालाच त्या चर्चची श्रद्धा सांगणाऱ्या ३९ कलमांवर सही लागे. १८७१ च्या कायद्याने ही अट काढली, तीसुद्धा धर्मशास्त्राच्या पदव्या वगळून. कॉलेजांची चॅपेलं (प्रार्थनागृहं) जागेवर राहिली, धर्मशास्त्राचे वर्गही. गेली ती फक्त सहीची सक्ती.

त्या मजकुराची शेपटी म्हणजे ‘धर्म हा विषयच विद्यापीठात नको’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतलं बायबलपठण घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात धर्माचा तटस्थ अभ्यास चालेल असंही म्हटलं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग वाढले ते त्यानंतरच. त्या वर्गात बसायला कुणी श्रद्धेचा दाखला मागत नाही, आणि नास्तिक असल्याचाही नाही.