एचपीव्ही आणि कर्करोग : बडोद्यात फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

बडोद्यातील मराठी मंडळांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यात म्हटले आहे की एचपीव्ही हा विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच होतो आणि आपोआप जातो, त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध ही लस कंपन्यांनी रचलेली कथा आहे. झालाच तर हा कर्करोग ‘तसल्या’ बायकांना होतो. आणि एचपीव्हीविरोधी लसीने आपल्याच जिल्ह्यात मुलींचे बळी घेतले आहेत, असेही त्यात म्हटले आहे.

यातला पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच पुढचे सगळे पटते. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. परंतु सर्व विडी ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही, एवढ्यावरून विडी निर्दोष ठरत नाही. या विषाणूच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये त्यांचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकतो, त्यांच्या पेशींत विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिने निकामी करतात, आणि त्यातून कर्करोग उभा राहायला बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. कारण आणि परिणाम यांत इतके अंतर असल्यामुळेच संबंध नाही असे म्हणणे सोपे जाते.

कंपन्यांच्या कटाचा आरोप तारखांपुढे टिकत नाही. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने कर्करोगाच्या गाठीत १६ क्रमांकाचा प्रकार शोधल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या लसीला मान्यता मिळाली ती २००६ मध्ये. याहून बोलका पुरावा उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या धाराशिवचा आहे. तेथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, ज्या गावांत एकदा एचपीव्ही चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार झाले, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. विषाणूचा संबंधच नसता, तर त्याला शोधून मृत्यू कसे टळले असते?

‘तसल्या’ बायकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो आणि त्यासाठी एकच जोडीदार, म्हणजे नवराही, पुरेसा असतो. पुरुषांमध्येही तो घसा, गुदद्वार आणि लिंगाच्या कर्करोगाचे कारण ठरतो.

राहिला आपल्या जिल्ह्याचा प्रश्न, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २००९-१० मध्ये बडोदा जिल्ह्यात आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मममध्ये हजारो मुलींना ही लस देण्यात आली. त्यांपैकी सात मुली दगावल्या, त्यांतल्या दोन गुजरातमधल्या होत्या, आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. केंद्राच्या चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. त्यांत बुडून, सर्पदंशाने, कीटकनाशक पिऊन आणि मलेरियाने झालेले मृत्यू होते. मात्र पालकांची संमती नीट घेतली गेली नव्हती, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. तो राग रास्त आहे. पण तो कार्यपद्धतीवरचा आहे. विषाणू काय करतो, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

त्याच स्थगितीमुळे देशातील दुसऱ्या एका अभ्यासातही लसीकरण मध्येच थांबले आणि अनेक मुलींना तीनऐवजी एकच मात्रा मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दहा वर्षांनंतरही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांना मिळणारे संरक्षण जवळजवळ तीन मात्रांइतकेच होते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका मात्रेला अनुकूलता दर्शवली, त्यामागे हा अभ्यासही होता.

लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात द्यायची असते. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी एचपीव्हीची तपासणी आहे, आणि तिचा त्या मजकुरात उल्लेखही नाही.