पंचवटीला नावे ठेवण्याआधी

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि तेव्हापासून नाशिकच्या माझ्या मित्रमंडळींत एकच सूर ऐकू येतो: आता कामासाठी मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जाणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. मला या बोलण्याची मनापासून चीड येते.

मी स्वित्झर्लंडमध्ये असतो आणि कामासाठी नेहमी रेल्वेने झ्युरिकहून कूरला जातो. झीगेलब्रुक स्थानक मागे पडले की डाव्या हाताला वालेनझे तलाव सुरू होतो, पलीकडे कूरफिर्स्टन डोंगररांगेचे कडे थेट पाण्यातून वर आलेले दिसतात, आणि सारगान्स येईपर्यंत मी अहवाल उघडत नाही. माझ्या कार्यालयात कोणी याला वेळ घालवणे म्हणत नाही. २०१६ मध्ये गोटहार्ड डोंगराखालून ५७ किलोमीटरचा रेल्वे बोगदा सुरू झाला, तरी १८८२चा जुना डोंगरी मार्ग इथे चालू ठेवला आहे. गाडी वळसे घेत चढते तेव्हा वासेन गावाचे चर्च तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसते आणि ते पाहण्यासाठी माणसे मुद्दाम सावकाश जाणारी गाडी पकडतात.

आपला थळ (कसारा) घाटातला लोहमार्ग तर १८६५चा, गोटहार्डहून सतरा वर्षांनी जुना. दर सदतीस फुटांना एक फूट असा उभा चढ, चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलायला लागणारी बँकर इंजिने, श्रावणात बोगद्याच्या तोंडाशी अंगावर येणारे पाण्याचे तुषार, हे सारे पासधारकाला पासाच्या पैशांत मिळते. समृद्धीवरून जाणारा हाच डोंगर आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून ओलांडतो आणि त्याला दिव्यांची रांग तेवढी दिसते. शिवाय स्टिअरिंग हाती असलेल्याला ना फाइल वाचता येते, ना डुलकी काढता येते.

'तिकडे बसून बोलायला तुझे काय जाते, पंचवटीच्या दाराशी उभा राहून बघ,' असे मला ऐकवले जाते. मी उभा राहिलो आहे. नाशिकरोडला सातच्या सुमारास चढून मी ती गाडी बरीच वर्षे केली, आणि नवखा असताना एका पासधारक काकांनी मला आपल्या जागेवर बसवून सांगितले होते, "घाट उतरेपर्यंत खिडकी तुझी, कसाऱ्यानंतर माझी." काका पुढे मला नावाने हाक मारू लागले आणि एखाद्या दिवशी मी दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी करत. कूरच्या गाडीत खिडकी हमखास मिळते, पण मी आलो नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच पंचवटी संपली असे कोणी म्हणाले, की नाशिकमध्ये मला ओळखणारी शेवटची जागाही गेली असे वाटून मी वाद घालत बसतो.

रस्ता झाला हे चांगलेच झाले. पण त्या आनंदात गाडीला वाढीव डबे आणि घाटात विनाकारण न थांबणारे वेळापत्रक मागायचे नाशिककरांनी सोडू नये. कसारा-इगतपुरी दरम्यान कमी चढाच्या नव्या मार्गाची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तो होईल तेव्हा एखादी तरी प्रवासी गाडी जुन्या घाटातूनच जात राहावी, ही मागणी आजच लावून धरायला हवी.