आज कुठलं बोट?

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला, निमित्त मीच. इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, दर मंगळवारी मी संधिवाताच्या रुग्णगटात जाते, असं सहज लिहून गेले. साताऱ्याच्या चुलतभावानं लगेच टोला हाणला : "दुखणं सांगायला अनोळखी माणसं गाठावी लागतात, म्हणजे बघा तिकडची गत. आपल्याकडे घर कशाला असतं?" खाली पाच-सहा अंगठे, आणि आत्याचे जोडलेले हात.

दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. एकदा सुट्टीत साताऱ्यालाच सांधे भडकले, तेव्हा वहिनीनं रोज माझी वेणी घातली, काकूनं भात कालवून भरवला. इथे समोरच्या दारातल्या बाईंना मला काही आजार आहे हेच माहीत नाही. समुपदेशनाची पहिली वेळ मिळायला मला पाच महिने लागले. शिवाय रडू काही जर्मनमध्ये येत नाही.

पण ती वेणी पंधरा दिवसांची होती आणि आजाराला आता नववं वर्ष लागलंय. बाळंतपण, अपेंडिक्स, मोडलेला हात, यांत आपल्या घरांचा हात कुणी धरू शकणार नाही. डबे येतात, रात्री जागायच्या पाळ्या लागतात. ज्या दुखण्याला शेवट नाही, त्याच्यापुढे मात्र घर गोंधळतं आणि उपाय सांगत सुटतं. निर्गुंडीचं तेल, मेथीचे लाडू, वांगी बंद, अमक्या गावचा वैद्य. त्यात 'बरं' हा आपला शब्द मोठा लबाड. 'बरी आहेस ना?' यात खुशालीही विचारलेली असते आणि आजार गेला का हेही. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर आईची झोप उडते. मी वर्षानुवर्षं हो म्हणत आले.

आणि घर दुखणं ऐकतं म्हणता, तर आमच्याच भावकीतल्या एका मुलीला टाइप वन मधुमेह होता. लग्न जमेपर्यंत पाहुणे आले की ती न्हाणीघरात जाऊन इन्सुलिन टोचून घ्यायची. घरानंच तसं सांगितलं होतं.

मंगळवारी आम्ही आठजण कोमट पाण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभे असतो. हा व्यायाम डॉक्टर लिहून देतात आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. रुग्णांच्या अशा गटांसाठी विमा निधींनी पैसे बाजूला काढायचे, असा इथे कायदाच आहे. जर्मन ऱ्हुमा-लीगा ही रुग्णांची संघटना १९७० पासून चालू आहे. आजारपणाच्या रजेची नोंद ऑफिसकडे जाते, त्यात आजाराचं नावही नसतं. दादा, हे उपकार थोडे नाहीत.

तरी मी जाते ती पाण्याबाहेरच्या दहा मिनिटांसाठी. मेथोट्रेक्सेट हे माझं सांध्यांचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि माझा तरी दुसरा दिवस मळमळीत जातो. म्हणून मी ते शुक्रवारी घेते. शनिवार वाया गेला तरी साहेबाला कळत नाही. हे गणित तिथे कुणाला समजावावं लागत नाही. एक निवृत्त ट्रामचालक आजोबा आहेत. बरणीचं घट्ट झाकण रबराच्या तुकड्यानं कसं फिरवायचं, ते त्यांनी मला बाकावर बसून शिकवलं. इथे बेकरीवालीसुद्धा आजाऱ्याला 'गूटे बेसरुंग', म्हणजे लवकर बरे व्हा, म्हणते. आमच्या गटात ते कुणी म्हणत नाही. विचारतात, "आज कुठलं बोट?"

हे युरोपातले चोचले असते तर पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ कशाला उभं राहिलं असतं? तिथे जमणाऱ्यांच्या घरी काय माया कमी आहे? २०२२ पासून १४४१६ वर 'टेली-मानस' ही मनाच्या दुखण्यांसाठीची सरकारी मोफत फोनसेवाही आहे. चांगलंच आहे, पण पलीकडून बोलणाऱ्याचं बोट सकाळी आखडलेलं असेलच असं नाही.

आता कबुली. आईचे गुडघे सहा वर्षं दुखताहेत आणि सहा वर्षं माझं उत्तर एकच : ऑपरेशन करून घे. म्हणजे मीही लाडू आणि तेलच पाठवत होते. गेल्या रविवारी फोनवर म्हटलं, "आई, आज कुठला गुडघा?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "डावा." आणि मग चाळीस मिनिटं बोलत राहिली. मंडईतून येताना दोनदा पायरीवर टेकावं लागतं. देवळात मांडी घालता येत नाही, म्हणून ती हल्ली बाहेरूनच नमस्कार करून येते. बाबांनासुद्धा यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑपरेशन हा शब्द दोनदा जिभेवर आला, दोन्हीदा गिळला.

"बरं, ठेवते," ती शेवटी म्हणाली. "कुकर लावायचाय."