टूथपेस्टने ओरखडा जातो? माझ्या दाराकडे बघा

‘गाडीचा कसलाही ओरखडा टूथपेस्टने जातो. नाही गेला तर पॉलिश पेपर घासा आणि त्याच रंगाचा स्प्रे मारा. काम भर उन्हात करा, लवकर वाळतं. एकच जाड कोट द्या, वरून लगेच वॅक्स. गॅरेजवाले उगाच लुटतात.’ हा मेसेज महिनाभरात मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीचा. यातलं जवळजवळ सगळं मी करून बसलोय, म्हणून हे उत्तर. ऊसतोडीच्या दिवसांत तासगाव रस्त्यावर भरलेली ट्रॉली माझ्या चंदेरी गाडीच्या मागच्या दाराला घासून गेली होती, तिथून सुरुवात.

पहिली खोट ‘कसलाही’ या शब्दातच आहे. पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यालगत गंज रोखणारा थर, त्यावर रंग नीट धरून ठेवणारा प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांची जाडी. टूथपेस्टमधली बारीक पूड फक्त वरचा क्लिअर कोट किंचित घासते. ओरखडा तेवढ्यातच असेल तर त्याच्या कडा बोथट होतात आणि तो दिसेनासा होतो. त्यासाठीही रबिंग कंपाउंड जास्त बरं, ते त्याच कामासाठी बनवलेलं असतं. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं, तर टूथपेस्टचा विषय संपला.

माझं नख चांगलंच अडकत होतं. तरी घासली. ओरखडा फिकट झाला, मी खूश. रविवारी गाडी धुतली आणि स्वारी परत हजर! पेस्ट नुसती चरीत वाळून बसली होती. दाराच्या रबरात तिचे पांढरे कण अजून आहेत.

पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा, ते मेसेजमध्ये नाहीच. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पॉलिश पेपर द्या’ म्हटलं की लाकडाचा ८० किंवा १२० नंबर हातात पडतो. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. क्लिअर कोटला १५०० ते ३००० लागतो, साबणाच्या पाण्यात भिजवलेला आणि रबरी ठोकळ्याला गुंडाळलेला. नुसत्या बोटाने दाबलं की बोटाखाली खळगे पडतात. मी १२० नंबरचा कोरडा कागद बोटाने घासला. एका ओरखड्याच्या जागी तळहाताएवढा खरखरीत डाग झाला आणि दाराच्या घडीवर थेट पत्रा दिसायला लागला. कडेला रंग आधी झिजतो, हे मला पेंटरने नंतर सांगितलं. सांगताना तो हसत होता.

आता ‘त्याच रंगाचा स्प्रे’. चंदेरी हा काही एक रंग नाही. गाडीचा रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवर सापडतो, आधी तो बघायचा. पण कोड जुळला तरी मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे कण असतात. स्प्रे किती लांबून आणि किती ओला बसला, त्यावर ते कसे आडवे पडतात हे ठरतं. शिवाय आपली गाडी चार-पाच उन्हाळे खाल्लेली. म्हणून पेंटर रंग आजूबाजूला विरवत नेतो आणि क्लिअर कोट अख्ख्या दारावर मारतो. बोटभर ओरखड्याला पूर्ण दाराचे पैसे का, याचं उत्तर हे आहे. महाग वाटतं, मान्य. पण याला लूट म्हणता येणार नाही.

भर ऊन? मे महिन्यात सांगलीत दुपारी दाराला हात लावून बघा. तापलेल्या पत्र्यावर रंगाची वरची साय लगेच धरते, आतला थिनर अडकतो आणि बाहेर पडताना टाचणीएवढी भोकं पाडतो. काम सावलीतच करायचं. पावसाळी दमट हवेतही नको, रंगावर पांढुरकी झाक येते.

जाड कोट ओघळतो. पातळ दोन-तीन कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. आणि घरी वाळवलेल्या रंगावर महिनाभर वॅक्स लावायचं नाही, त्याला आतून सुकायला तेवढा वेळ लागतो.

मेसेजमध्ये गंजाचा तर उल्लेखच नाही. उघड्या पत्र्यावर गंज धरला असेल तर तो पूर्ण काढून प्रायमर लागतो, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात रंगाखालून फोड येतात. बंपरचं वेगळंच. तो प्लास्टिकचा, गंजत नाही, पण प्लास्टिकचा प्रायमर न लावता मारलेला रंग सालीसारखा निघतो.

घरी काहीच करू नये असं नाही. हायवेवर खडी उडून बोनेटला पडलेले टिपके मी स्वतःच भरतो. जागा धुऊन कोरडी करायची, कोडप्रमाणे आणलेल्या टचअपच्या बाटलीत काडीपेटीच्या काडीचं टोक बुडवायचं आणि टिपक्यात थेंब ठेवायचा. वाळला की दुसरा थेंब. दार मात्र पेंटरकडे दिलं, आणि डागाबरोबर माझ्या १२० नंबरच्या कागदाचेही पैसे भरले.