सिंगापूरच्या तोफा मागे वळत होत्या

फेब्रुवारी आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर का पडलं, याचं उत्तर त्यात चार ओळींत असतं: ब्रिटिशांनी अवाढव्य तोफा समुद्राकडे तोंड करून काँक्रीटमध्ये पक्क्या बसवल्या, त्या मागे वळत नव्हत्या, जपानी पाठीमागून जंगलातून आले, आणि एकही गोळा न सुटता सिंगापूर गेलं. सोबत सिंगापूरच्या पूर्व टोकाला असलेल्या चांगीतल्या तोफेचा फोटो. गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती खोटी आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, खरंच जे चुकलं ते तिच्यामुळे झाकलं जातं. तिथे चाळीस हजारांवर हिंदी सैनिक कैदी झाले, त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. त्यांच्यावर ही वेळ का आली, हे तरी आपण नीट सांगायला हवं.

आधी ‘वळत नव्हत्या’ हा मुद्दा. सिंगापूरच्या रक्षणासाठी 29 किनारी तोफा होत्या: 15 इंची पाच, 9.2 इंची सहा, 6 इंची अठरा. किनारी तोफेला चालत्या जहाजाच्या मागे फिरत राहावं लागतं, म्हणून ती गोल खड्ड्यात फिरत्या बैठकीवर बसवतात. काँक्रीट असतं ते खड्ड्याला आणि खालच्या दारूकोठारांना. चांगीच्या जोहोर बॅटरीतल्या (बॅटरी म्हणजे एका ठिकाणच्या तोफांचा संच) 15 इंची तोफा जमिनीकडे वळल्या. ब्लाकांग माटी बेटावरच्या, म्हणजे आजच्या सेंटोसावरच्या, फोर्ट कॉनॉटच्या 9.2 इंची तोफाही वळल्या. या दाव्यात खरा अंश असा, की ब्वोना व्हिस्टा बॅटरीच्या दोन 15 इंची तोफांना उत्तरेकडे मारा करता आला नाही. त्या न झाडताच उडवून द्याव्या लागल्या. पण 29 पैकी दोन तोफांवरून सगळ्यांवर शिक्का मारणं बरोबर नाही.

‘एकही गोळा सुटला नाही’ हे तर सरळ चूक. जोहोर बॅटरीनं सामुद्रधुनीपलीकडच्या जोहोर बाहरू शहराच्या आणि बेटावरच्या तेंगा विमानतळाच्या दिशेनं मारा केला, शेवटी बुकित तिमाहच्या दिशेनंही केला.

मग उपयोग का झाला नाही? खरी मेख इथे आहे. 15 इंची तोफेचा एक गोळा सुमारे 880 किलोंचा. पण कोठारात होते ते बहुतेक चिलखतभेदी गोळे, म्हणजे युद्धनौकेचं जाड पोलाद फोडून आत शिरावं आणि मग फुटावं यासाठी घडवलेले. अशा गोळ्याचं जवळजवळ सगळं वजन पोलादाचं. स्फोटक वजनाच्या दोन-तीन टक्केच. असा गोळा रबराच्या मळ्यातल्या ओल्या मातीत पडला की आधी खोल रुततो आणि मग जमिनीच्या पोटात फुटतो. थोड्या अंतरावर आडवा पडलेला माणूस त्यातून वाचू शकतो. पायदळावर डागायला अतिस्फोटक गोळे लागतात. ते 9.2 आणि 6 इंची तोफांकडे मोजके होते, 15 इंचींकडे नव्हतेच. शिवाय अंतर मोजण्याची, नेम धरण्याची सगळी व्यवस्था उघड्या समुद्रावरच्या जहाजांसाठी. टेकड्यांपलीकडे शत्रू दिसत नसताना नकाशावरून मारा करावा लागला. तोफच्यांनी तो केला. त्यांच्या हाती जे दिलं होतं, त्यात त्यांचा दोष नव्हता.

‘शत्रू जमिनीवरून येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं’ असंही पसरवतात. 1937 मध्येच तिथल्या ब्रिटिश सैन्याचे प्रमुख जनरल डॉबी यांच्या कचेरीनं उत्तरेकडून, मलायातून (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातून) हल्ला होऊ शकतो असं मांडलं होतं. त्या वेळी त्यांचे प्रमुख स्टाफ अधिकारी होते पर्सिव्हल, तेच पाच वर्षांनी शरण जाणारे सेनापती. डिसेंबर 1941 मध्ये मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिम्सन यांनी उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करू द्या, म्हणून पर्सिव्हलना परोपरीनं विनवलं. तटबंदीनं सैन्याचं आणि लोकांचं मनोधैर्य खचेल, असं उत्तर मिळालं. पुढे 8 फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्येला सारिंबुनच्या किनाऱ्यावर उतरले. पर्सिव्हल यांचा कयास ईशान्येचा होता. मला राग येतो तो इथे. माणसांनी घेतलेला निर्णय आपण तोफेच्या तोंडावर ढकलून मोकळे होतो.

‘तोफांवरचा पैसा वाया गेला’ हा शेवटचा मुद्दा. त्यांच्यासाठी शेजारच्या जोहोर संस्थानाच्या सुलतानांनी दिलेल्या पाच लाख पौंडांच्या देणगीतलाही पैसा वापरला गेला, म्हणून जोहोर बॅटरीला ते नाव. या तोफा होत्या म्हणूनच जपान्यांनी दक्षिण किनाऱ्यावर आरमार आणलं नाही. ते 8 डिसेंबर 1941 ला दूर उत्तरेला, मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारूला उतरले आणि सत्तर दिवस लढत खाली आले. ते दिवस फुकट घालवले, तो दोष तोफांचा नाही.

राहिला फोटो. जोहोर बॅटरीच्या खऱ्या तोफा माघार घेताना ब्रिटिशांनीच उडवल्या. तोफांखालची भुयारं विस्मरणात गेली आणि 1991 मध्ये तुरुंग खात्याला पुन्हा सापडली. फोटोतली तोफ 2002 मध्ये बसवलेली प्रतिकृती आहे. तिचं तोंड कुठे आहे यावरून 1942 बद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्याच जातीच्या खऱ्या नळ्या पाहायच्या तर लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या दारात दोन आहेत, युद्धनौकांवरच्या. चांगीत जे अस्सल उरलंय ते प्रतिकृतीच्या खाली, जमिनीत आहे: गोळे ठेवण्याच्या बंदिस्त खोल्या. त्यांची आखणी वर जमिनीवर दाखवली आहे. फोटो काढणाऱ्यांनी ती आखणी जरूर पाहावी.