थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

काउंटरच्या आत उभं राहिलं की एक गोष्ट रोज दिसते. थायरॉइडची बाटली सहसा एकटी जात नाही. तिच्यासोबत कॅल्शियमची स्ट्रिप असते, लोहाच्या गोळ्या असतात, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल असते, हल्ली केसांसाठी बायोटिनही असतं. ठाण्यात वर्तकनगरला माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नव्हे. पण कोण काय काय एकत्र गिळतं ते मला नक्की कळतं, आणि त्यावरून माझं ठाम मत झालंय की आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचा डोस वाढतो तो आजार बळावला म्हणून नाही, तर गोळी अंगी लागतच नाही म्हणून.

मध्यंतरी एक ताई पन्नास मायक्रोग्रॅमच्या गोळीची बाटली संपायच्या आत पंचाहत्तरची चिठ्ठी घेऊन आल्या.
"गोळी कधी घेता?"
"उठल्या उठल्या. चहासोबत. नुसत्या पाण्याने मळमळतं हो."
"आणि कॅल्शियम?"
"तेही तेव्हाच. नंतर आठवत नाही ना."

आता बघा. ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आपल्या गळ्यातली ग्रंथी जे हार्मोन बनवते तेच. डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. इतक्या बारीक मात्रेतला थोडा भाग वाया गेला तरी रिपोर्टमध्ये उमटतो. कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या कॅप्सूलनेही शोषण कमी होऊ शकतं. चहा-कॉफी आणि नाश्ता गोळीनंतर अर्ध्या ते एक तासाने.

आता मला राग कशाचा येतो ते सांगते. "उपाशीपोटी घ्या, तासभर काही खाऊ-पिऊ नका" हे सांगायला किती सोपं! तो तास बाईच्या सकाळी कुठे असतो? पाचला उठायचं, पाणी आहे तोवर भरून घ्यायचं, दोन डबे, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, मग घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नाहीतर ऐरोली-महापेच्या ऑफिससाठी ठाणे-वाशी गाडी गाठायची. त्या सगळ्यात स्वतःसाठी म्हणून एकच कपभर चहा, आणि तोच लांबवायचा. गोळी तशी स्वस्त आहे, महाग पडतो तो हा तास. त्यामुळे "तू पथ्य पाळत नाहीस" असं बायकोला ऐकवणाऱ्या नवऱ्यांना माझा सरळ प्रश्न असतो, सकाळचे डबे कोण भरतं?

जमण्यासारखे दोन मार्ग मी सांगते. बाटली बिछान्याजवळ ठेवा, डोळे उघडले की गोळी आणि पाणी, मग अंघोळ, पोळ्या, आणि चहा त्यानंतर. किंवा रात्री झोपताना घ्या. रात्री घेतलेली गोळीही तितकीच लागू पडते असं अभ्यासांत दिसलंय, फक्त जेवून तीन तास झालेले हवेत. (दहाला जेवणाऱ्या घरांत हा मार्ग बादच.) पण वेळ बदलायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि एकदा ठरवली की तीच ठेवा. डोस वाढवून घेण्याआधीही गोळी कधी आणि कशासोबत घेता हे त्यांना आपणहून सांगा. गरजेपेक्षा जास्त डोस झाला तर छातीत धडधड, हातांना कापरं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं ठिसूळ. पाळी गेलेल्या बायकांना तर हे आणखी महागात पडतं.

रिपोर्टबद्दल. त्यातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइडमधून येत नाही, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. थायरॉइड सुस्तावली की पिट्युटरी तिला जोरात हाका मारते, म्हणून आकडा वर जातो. गोळीचा अंमल रक्तात सावकाश स्थिरावतो, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. सोसायटीत स्वस्तात पॅकेज आलं म्हणून पंधराव्या दिवशी रक्त देऊन घाबरून माझ्याकडे धावत यायचं नाही. आणि ते बायोटिन! केस गळतात म्हणून बायोटिन सुरू, आणि त्याच बायोटिनमुळे अनेक लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दिसतो. तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, आणि घेत असाल तर लॅबला सांगा.

"मीठ कमी पडलं का?" हा प्रश्न अजून येतो. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर बहुधा नाही. आपल्या शहरी बायकांत थायरॉइड सुस्तावण्यामागे सगळ्यात जास्त आढळतो तो हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली त्याचं वर्णन केलं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. ते धण्याच्या पाण्याने थांबत नाही, आणि कोबी-फ्लॉवर सोडल्यानेही नाही. शिजवलेली भाजी खुशाल खा. मात्र फॅशन म्हणून घरातलं सगळं मीठ काढून गुलाबी मीठ आणलं असेल तर त्यात आयोडीन फारसं नसतं, एवढं ध्यानात ठेवा. मुंबईसह आठ शहरांतल्या पाहणीत (२०१३ साली प्रसिद्ध झाली) सुमारे अकरा टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड सुस्तावल्याचा आजार, आढळला, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

वजनाचं खापर मात्र सगळं थायरॉइडवर फोडू नका. त्यामुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, तेही बरंचसं पाणी आणि मीठ साठल्यामुळे. वीस किलोंची कारणं दुसरीकडे शोधावी लागतील. हे ऐकून काही जणी माझ्यावर रुसतात, रुसू देत. उलट थकवा, बद्धकोष्ठता, अंगावरून जास्त जाणं, सतत थंडी वाजणं, मन उदास राहणं, याला घरात "वय झालं" किंवा "आळस" म्हणतात आणि तपासणी वर्षभर लांबते. बाळंतपणानंतरच्या वर्षात असं काही वाटलं तर टीएसएच करून घ्याच.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं. नवं लग्न झालेल्या मुली येतात आणि म्हणतात, "बाटली नको, गोळ्या पुडीत द्या, सासरी माहीत नाहीये." मी देत नाही, उजेडाने आणि दमटपणाने गोळी खराब होते. पण त्याहून भीती वाटते ती पुढची. दिवस राहिले की "औषधं गरम पडतात" म्हणून याच मुली गुपचूप गोळी बंद करतात. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं आणि आईची गरज त्या काळात कमी होत नाही, उलट पंचवीस-तीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही वाढते. तेव्हा पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा, टीएसएच करा, आणि तोवर गोळी चालूच ठेवा. सासूबाईंना काय सांगायचं ते नंतर ठरवता येईल.